दारामागचा कोट

आमच्या दारामागे एक कोट टांगलेला असायचा. त्या कोटापायी मी या घरात जेवढी भांडले, तेवढी सासूशीसुद्धा भांडले नाही. सासूबाई निदान उलटून बोलायच्या तरी. कोट नुसता लटकायचा आणि वास मारायचा. जळक्या रबराचा, भिजलेल्या राखेचा, आणखी कशाकशाचा. पाहुणे दारातच नाक वर करून विचारायचे, "काही करपलंय का हो?" मी म्हणायचे, "हो, माझं नशीब. या, बसा."

कोट आमच्या ह्यांचा. हे अग्निशमन दलात होते. केंद्रात ह्यांना सगळे वस्ताद म्हणायचे, निवृत्त झाले तरी अजून म्हणतात. आगीत शिरताना सगळ्यांत पुढे आणि बाहेर पडताना सगळ्यांत मागे, असा माणूस. एकदा एका बाईला खांद्यावर आणि तिच्या मांजराला कोटाच्या आत घालून चौथ्या मजल्यावरून उतरले. बाईने आभार मानले, मांजराने छातीवर ओरखडे काढले. ह्यांना ओरखड्यांचाच अभिमान जास्त.

केंद्रातली एक जुनी रीत होती. कोट धुवायचा नाही. ज्याचा कोट जास्त काळा तो मोठा. कोरा करकरीत पिवळा कोट घालून कुणी नवा आला की त्याची अशी टर उडवायचे की पोरं कोपऱ्यात जाऊन आपला कोट मुद्दाम राखेत लोळवून आणायची. ह्यांचा कोट तर असा काळा झाला होता की तो मुळात कोणत्या रंगाचा होता हे मी, लग्नाची बायको, विसरले होते. 

दुसरी रीत याहून वाईट. ज्वाळा विझल्या की मास्क काढायचा. पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडावर मास्क, हे आगीत शिरण्याचं सामान. आग मेली तरी काम संपत नाही. धुमसणारं सामान उलटायचं, फळ्या उचकटायच्या, आत दडलेले निखारे शोधून पाणी मारायचं. ते याला उकरणं म्हणतात, आणि ते तासन् तास चालतं. उकरताना मास्क ठेवणारा म्हणजे नाजूक, सासरी निघालेली नवरी. डोळ्यांना धूर दिसत नाही, मग मास्क कशाला? डोळ्यांना न दिसणारं विष तिथेच भरलेलं असतं, ते श्वासातून आत जातं आणि कोटाला चिकटून घरीही येतं, हे आम्हाला फार पुढे फुप्फुसांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

दुसऱ्यांच्या बायका नवऱ्याने तोंड काळं केलं म्हणून रडतात. माझा नवरा काळं तोंड घेऊन यायचा आणि आरशासमोर उभा राहून बघायचा. मी म्हणायचे, "मिरवून झालं असेल तर धुऊन टाका." आणि खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हा छाती फुगल्यासारखं वाटायचं. 

आता ह्यांच्या छातीचं सांगते. निवृत्तीच्या आधीच खोकला सुरू झाला होता. मग जिना चढताना मधे थांबायला लागले. आता बोलतानाही थांबतात. दोन शब्द, की श्वास. दोन शब्द, की श्वास. डॉक्टरीणबाईंनी एक प्लॅस्टिकचं खेळणं दिलंय, त्यात तीन नळ्या आणि तीन गोळे. तोंडाने हवा आत ओढायची, गोळे वर चढतात. पहिला चढतो. दुसरा मनात आलं तर चढतो. तिसरा अजून जागचा हललेला नाही, सरकारी फाइल बरी. मी समोर बसून म्हणते, "ओढा, ओढा, अजून, अजून," आणि ओढता ओढता माझाच दम निघतो. बाईंनी स्पष्ट सांगितलंय, गेलं ते परत येणार नाही, आहे ते टिकवायचं. 

तर हे श्वासासाठी थांबले की मी ह्यांचं वाक्य पुरं करते. सवयच लागली. हे म्हणतात, "मला जरा..." मी म्हणते, "पाणी?" हे मान हलवतात. "चष्मा?" पुन्हा मान. "चादर?" एव्हाना श्वास आलेला असतो, मग हे म्हणतात, "गप्प बस... म्हणत होतो."

अशा घरातून आमची लेक दलात भरती झाली. एकुलती एक. मी आठवडाभर अबोला धरला. माझ्यासारखीने अबोला धरायचा म्हणजे शिक्षा मलाच झाली. ह्यांना मात्र आभाळ ठेंगणं झालं. ती प्रशिक्षणाहून गणवेशात आली त्या दिवशी ह्यांनी दाराकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "कोट... तिचा."

मी समजले. नव्या जवानाची उमेदवारी संपून तो पक्का झाला की अंगणात सगळ्यांसमोर एखादा जुना माणूस आपला कोट त्याच्या खांद्यावर घालतो, आणि त्यानंतरच्या पहिल्या आगीला तो कोट घालूनच जायचं असतं. वस्तादांचा कोट आजवर कुणालाच मिळाला नव्हता. कितीतरी जण टपून बसले होते. 

"तो विषाचा गठ्ठा पोरीच्या अंगावर घालायचा नाही," मी म्हटलं. ह्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. लेकीने मला स्वयंपाकघरात ओढलं. "आई, त्यांच्याकडे आता तेवढंच तर उरलंय. घालू दे. मी एकदाच घालीन." 

"आणि मास्क?"

"शेवटपर्यंत तोंडावर. आम्हाला तसंच शिकवलंय आता. तू काळजी नको करूस."

मला जगात एकच भीती होती, ती सांगून टाकते. घरातली एक छाती गेली होती. दुसरी जायला नको. बाकी तिने आगीत उडी मारो नाहीतर पाण्यात, मी तिच्या बापाची बायको आहे, मला त्याची सवय आहे.

उमेदवारीच्या शेवटी शेवटी गाद्यांच्या गोदामाला आग लागली. आमचं घर केंद्राच्या अगदी समोर, त्यामुळे बंब निघालेला आणि परतलेला आम्हाला खिडकीतून दिसतो. सकाळी गेलेला बंब दुपारी आला. लेक खाली उतरली. कपाळापासून हनुवटीपर्यंत तोंड काळंकुट्ट. दोन डोळे तेवढे पांढरे.

घरात आली ती सरळ मोरीकडे. खोकली, थुंकली. काळं. पुन्हा खोकली. मी दारात उभी, हात कमरेवर. "शेवटपर्यंत तोंडावर, नाही का? कुठे ठेवला होतास मास्क, डोक्यावर? का गादीखाली?" 

"आई, ज्वाळा असेपर्यंत होता गं."

"मग?"

"मग उकरायला लागलो. सगळ्यांनी काढले. मी ठेवला, तर मिशाळकाका हसायला लागले. म्हणाले, वस्तादांची पोरगी ना तू? तुझ्या बापाने ज्वाळा विझल्यावर कधी मास्क ठेवला नाही." ती नळाखाली तोंड धरत म्हणाली, "सगळे बघत होते. बाबांचं नाव घेतल्यावर मी काय बोलणार?"

मिशाळ म्हणजे ह्यांचा चेला. खरं नाव आता त्याच्या आईलाच आठवत असेल. त्याच्या मिशा ओठांवरून निघून गालांवर चढायच्या, तिथून कानांना भेटायला जायच्या. मास्क त्या मिशांवर धड बसायचा नाही, म्हणून त्याला मुळातच मास्कचा राग. माणूस वाईट नाही. ह्यांच्यासाठी जीव टाकतो.

मी बोलायला तोंड उघडलं, इतक्यात मागे काहीतरी पडल्याचा आवाज आला. हे खुर्चीत बसले होते. हातातलं गोळ्यांचं खेळणं खाली पडलं होतं. ह्यांनी सगळं ऐकलं होतं. आत पोरगी पुन्हा खोकली, आणि ह्यांनी डोळे मिटून घेतले. तसा खोकला या घरात आम्ही रोज ऐकतो, फक्त तो ह्यांच्या छातीतून येतो. 

 दिवसभरात मी ह्यांना दहादा विचारलं, दहादा स्वतःच उत्तर दिलं. 

दुसऱ्या दिवशी लेक कामावर गेली, मी भाजी आणायला गेले. परत आले तर दारामागचा खिळा रिकामा. कोट नाही, ह्यांची खुर्ची रिकामी, मागच्या गच्चीचं दार उघडं.

गच्चीत हे स्टुलावर बसले होते. पुढ्यात मोठा टब. हातात माझे भांडी घासायचे रबरी हातमोजे, नाकातोंडावर बांधलेला माझा स्कार्फ. एका हाताने कोटाची बाही धरलेली, दुसऱ्या हाताने ब्रश. ब्रश चार वेळा फिरवायचे, थांबायचे, खांदे वरखाली व्हायचे, पुन्हा चार वेळा. टबातलं पाणी डांबरासारखं झालं होतं. 

माझ्या हातातली पिशवी खाली बसली, मीही बसले. म्हटलं, "सरका. मी धुते. जन्मभर तेच मागत होते."

"नाही," हे म्हणाले. श्वास. "ज्याने काळा केला... त्यानेच धुवायचा."

"अहो, पण दम किती लागतोय. कशासाठी हे?"

ह्यांनी ब्रश टबाच्या काठावर ठेवला. "माझं नाव घेऊन..." श्वास घेतला. मी मधे घुसले, "मिशाळभाऊजींना बोलावते, अशी खरडपट्टी काढते की..." ह्यांनी हात वर केला. हातमोज्यातून काळं पाणी कोपरापर्यंत ओघळलं. 

"माझं नाव घेऊन... माझ्या पोरीचा... मास्क काढला." पुन्हा श्वास. "मिशाळचं चुकलं नाही. मी शिकवलं... तेच तो बोलला."

मी रिकामी बादली उचलली.  मग म्हटलं, "बरं. ब्रश तुमचा, पाणी माझं." 

त्या दिवशी एक बाही झाली. दुसऱ्या दिवशी दुसरी. पाठीला दोन सकाळी गेल्या. लेकीला कामावर जाऊ द्यायचं आणि मग बसायचं, चोरून प्रेम करणाऱ्यांसारखं. मी बादल्या बदलायची, हे घासायचे. घासता घासता एकेक आग आठवायची. हा डाग रंगाच्या कारखान्याचा, हा शाळेच्या तळघराचा. "हा... मांजराचा," म्हणाले आणि हसायला लागले आणि हसण्याचा खोकला झाला. मी पाठ चोळत बसले. तेव्हा वाटलं, बास करा म्हणावं. नाही म्हटलं. ह्यांचा चेहरा आगीला निघताना असायचा तसा झाला होता, आणि त्या चेहऱ्याला मी कधीच अडवलं नव्हतं.

पाठ घासताना काळ्याखालून काहीतरी चकाकलं. आडवा पट्टा, चांदीसारखा. मग दुसरा. दोन्ही बाह्यांवर, पाठीवर, खाली कमरेशी.

"हे काय हो? हे कुठून आलं?"

हे पट्ट्यावरून बोट फिरवत राहिले. "धुरात... आपला माणूस दिसावा... म्हणून असतात." थांबले. "माझे काजळीने... झाकले गेले. मला वाटायचं... शोभतंय."

लेकीने खिळा रिकामा बघितला होताच. मला विचारलं, "आई, कोटाचं काय केलंस?" मी म्हटलं, "मी काही केलेलं नाही. बापाला विचार." बापाने गोळ्यांचं खेळणं तोंडाला लावलं, म्हणजे बोलायची सोय नाही.

समारंभाच्या दिवशी केंद्राच्या अंगणात बंब धुऊन पुसून उभे होते. जवान ओळीत. प्रत्येकाच्या अंगावर आपापला काळा कोट, ज्याचा जास्त काळा तो पुढे. हे माझ्या हाताला धरून गेले, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. ती मी घ्यायला गेले तर देईनात. खुर्ची दिली तर बसेनात. केंद्रप्रमुख दोन शब्द बोलले. मग मिशाळ पुढे आला, मिशांना तेल लावून.

"वस्तादांचा कोट म्हणजे या केंद्राचं निशाण आहे," तो म्हणाला. "त्या कोटामागून आपण सगळे आगीत शिरायला शिकलो. असा काळा कोट पुन्हा होणे नाही. आज तो छोट्या वस्तादाच्या अंगावर चढणार. वस्ताद, काढा."

ह्यांनी पिशवीतून कोट काढला आणि झटकून उघडला. पिवळा. कडा विरलेल्या, कोपरावर ठिगळ, पण पिवळा. उन्हात पट्टे असे लखलखले की पहिल्या ओळीने डोळे बारीक केले.

 मागून कुणीतरी म्हणालं, "हा कुणाचा?" मिशाळचा चेहरा उतरला. त्याने माझ्याकडे बघितलं. "वहिनी," तो म्हणाला, "काय करून बसलात हे? अहो, त्यावर त्यांची सगळी नोकरी होती."

माझ्या जिभेवर असं काही आलं होतं की त्याच्या मिशा जळाल्या असत्या. पण ह्यांनी माझा हात दाबला.

"मी धुतला," हे म्हणाले.

 हे पुढे बोलायला गेले आणि श्वास आला नाही. खांदे वर गेले, खाली आले. सगळे ह्यांच्याकडे बघत होते. ही माणसं ह्यांच्या एका हाकेवर धुरात शिरलेली. त्यांना आता ह्यांच्या एका शब्दासाठी थांबावं लागत होतं. पुढचं वाक्य मला पाठ होतं, गच्चीत दहा वेळा ऐकलं होतं. मी ते पुरं करू शकले असते. मी ओठ दातांत धरले. आमच्या लग्नात मी केलेलं सर्वांत अवघड काम ते, सांगून ठेवते.

"ज्वाळा विझल्यावर... मी मास्क काढायचो," हे म्हणाले. "खरं आहे. आता... ऐका." आणि ह्यांनी नुसता श्वास घेतला. मुद्दाम, सगळ्यांना ऐकू जाईल असा. ती शिट्टी, ती घरघर, जी मी रोज उशाशी ऐकते. अंगणाच्या शेवटच्या ओळीपर्यंत गेली. "हे... त्या मास्कचं," हे म्हणाले.

मिशाळने मान खाली घातली.

"यापुढे... माझं नाव घेऊन..." श्वास. लांब श्वास. मी ह्यांच्या बोटांत बोटं घातली. "कुणी मास्क काढायचा नाही. घ्यायचंच असेल... तर मास्क चढवताना घ्या."

मग ह्यांनी लेकीला जवळ बोलावलं आणि कोट तिच्या खांद्यावर घातला. बाह्या तिच्या बोटांच्याही पुढे गेल्या. ती रडत होती आणि हसत होती. म्हणाली, "बाबा, सैल होतोय."

"होऊ दे," हे म्हणाले. "आत... हवा खेळेल."

टाळ्या वाजायला जरा वेळ लागला, पण वाजल्या तेव्हा थांबेनात. मी आजवर ह्यांना कितीतरी वेळा टाळ्या मिळताना पाहिलंय. शिडीवरून उतरताना, पोरं कडेवर घेऊन बाहेर पडताना. त्या दिवशी माझा नवरा आगीच्या आसपासही नव्हता, नुसता उभा होता, आणि मला वाटलं, याच्याएवढा धाडसी माणूस मी पाहिला नाही. ते मी ह्यांना घरी आल्यावर तोंडावर सांगितलं. हे म्हणाले, "चहा... टाक."

मिशाळ मात्र कुणाशी न बोलता निघून गेला होता. त्यानंतर कितीतरी दिवस आला नाही. एरवी दिवसाआड येऊन माझ्या डब्यातली बिस्किटं संपवणारा माणूस. हे खिडकीत बसून केंद्राच्या फाटकाकडे बघायचे. मी म्हटलं, "रुसलाय तुमचा चेला." ह्यांचा दुसरा गोळाही त्या दिवसांत चढला नाही.

मग रंगाच्या दुकानाला आग लागली. भर दुपारी सायरन झाला, आणि लेक पिवळ्या कोटात बंबावर चढलेली आम्ही दोघांनी पाहिली. बंब नाक्यावर वळला तरी पट्टे दिसत होते. त्यानंतर घरात कुणी जेवलं नाही. मी एकच भांडं चार वेळा घासलं. 

उन्हं उतरताना बंब परतला. मी खिडकीत धावले. ह्यांनी उठायचा प्रयत्न केला, जमेना, तसं तिथूनच विचारलं, "तोंड... तिचं तोंड कसंय?"

लेक उतरली. हेल्मेट काढलं. मान काळी, कान काळे, कपाळाची वरची कड काळी, आणि मधे मास्कच्या आकाराचा चेहरा, सकाळी आंघोळ करून गेली होती तसाच. "स्वच्छ," मी म्हटलं.  "लख्ख आहे हो." तिच्यामागून दुसरा उतरला. तोही स्वच्छ. तिसरा, चौथा. सगळ्यांना कडेने काळी झालर, मधे स्वच्छ चेहरा.

शेवटी एक माणूस उतरला, तो मी आधी कधी पाहिलेला नव्हता. गोल गोल चेहरा, वरचा ओठ कोवळा पांढरा, लहान पोरासारखा. "हा कोण नवीन आलाय?" मी म्हटलं. "वयस्कर दिसतो."

तो सरळ आमच्या खिडकीखाली आला, मान वर केली. मिशाळ. मिशीचा एक केसही नाही. गाल सपाट, तोंड स्वच्छ.

"वस्ताद," तो खालून ओरडला, "मास्क आता काय घट्ट बसतो हो!"

हे हसायला लागले. खोकले, पुन्हा हसले, डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेनात. खुर्चीच्या हातावर हात आपटून म्हणाले, "बोलाव... त्याला..." मी वाक्य पुरं केलं नाही, वाट बघितली. "वर बोलाव," हे म्हणाले. "बिस्किटं... आहेत ना?"

मी डोळे पुसले आणि खिडकीतून वाकले. "या भाऊजी, चहा टाकते," मी म्हटलं. "पण कोट खालीच धुवायला टाकून यायचं. माझ्या दारामागे आता जागा नाही."